विश्लेषण : डोळ्यातल्या इंजेक्शनच्या किमतीत इतका फरक का? स्वस्त औषध खरेच तेवढेच गुणकारी?

दृष्टिपटलाच्या आजारावर डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले, की डॉक्टर रुग्णासमोर दोन-तीन औषधांची नावे ठेवतात. काम एकच, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. त्यामुळे 'स्वस्त घेतले तर डोळा जाईल का' हा प्रश्न घरोघर पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मोठ्या वैद्यकीय चाचण्या झाल्या. त्यांची गोष्ट औषधाइतकीच पैशांचीही आहे.

हा आजार नेमका काय?

डोळ्याच्या मागच्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू, म्हणजे मॅक्युला, हा वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे अशा बारीक कामांसाठी लागतो. उतारवयात काहींचा पीतबिंदू झिजतो. या आजाराला 'एएमडी' म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पीतबिंदूखाली नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते. कडेचे दिसते, पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

मधुमेहातही असाच प्रकार घडतो. साखरेमुळे खराब झालेल्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि पीतबिंदूला सूज येते. दोन्ही आजारांत 'व्हीईजीएफ' नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. शरीरात नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा निरोप हे प्रथिन देते. जेनेन्टेक या अमेरिकी कंपनीतील शास्त्रज्ञ नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये ते वेगळे करून दाखवले.

२००६ मध्ये काय बदलले?

त्याआधी ओल्या एएमडीवर लेसर किंवा २००० मध्ये आलेली प्रकाशसंवेदी औषधाची उपचारपद्धती वापरत. त्यातून नजर जाण्याचा वेग कमी होई, गेलेली नजर मात्र सहसा परत येत नसे. मग जेनेन्टेकने व्हीईजीएफला अडवणारे रॅनिबिझुमॅब हे औषध तयार केले. त्याचे बाजारातील नाव ल्युसेंटिस. 'मरिना' नावाच्या चाचणीत ७१६ रुग्ण होते. काहींना दर महिन्याला खरे इंजेक्शन दिले, तर काहींच्या बधिर केलेल्या डोळ्यावर सुई नसलेली सिरिंज नुसती टेकवली. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला कळू नये, हा त्यामागचा हेतू.

नजर मोजायला अक्षरांचा तक्ता वापरला. त्यावर एका ओळीत पाच अक्षरे असतात. वर्षभरानंतर खरे औषध पूर्ण मात्रेत घेणाऱ्यांना सरासरी सात अक्षरे जास्त वाचता आली. दुसऱ्या गटातील रुग्णांची दहा अक्षरे कमी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तीन ओळी किंवा त्याहून अधिक फायदा झाला. या आजारात नजर सुधारते, हे इतक्या ठळकपणे पहिल्यांदाच दिसले. जून २००६ मध्ये अमेरिकेत ल्युसेंटिसला परवानगी मिळाली. एका डोसची किंमत होती सुमारे दोन हजार डॉलर.

कर्करोगाचे औषध डोळ्यात कसे आले?

त्याच कंपनीचे बेव्हासिझुमॅब, म्हणजे अ‍ॅव्हास्टिन, हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले होते. गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणे हे त्याचे काम, आणि त्याचेही लक्ष्य व्हीईजीएफच. दोन्ही औषधांचे मूळ एकाच प्रतिपिंडात आहे. अ‍ॅव्हास्टिन हे पूर्ण प्रतिपिंड, तर ल्युसेंटिस हा त्याचा सुमारे एक तृतीयांश आकाराचा तुकडा. एवढा मोठा रेणू दृष्टिपटलात नीट शिरणार नाही, असा तेव्हा समज होता.

ल्युसेंटिस बाजारात यायला अजून वेळ होता आणि रुग्णांची नजर रोज कमी होत होती. २००५ मध्ये मायामीतील बॅस्कम पामर नेत्रसंस्थेचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी अ‍ॅव्हास्टिनचा अगदी थोडा अंश एका रुग्णाच्या डोळ्यात दिला. आठवडाभरात दृष्टिपटलाच्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसली. ही बातमी नेत्रतज्ज्ञांमध्ये झपाट्याने पसरली आणि जगभर हे औषध वापरले जाऊ लागले.

कर्करोगासाठी अ‍ॅव्हास्टिनची चार मिलीलिटरची कुपी येते, तीत १०० मिलीग्रॅम औषध असते. डोळ्याला लागते फक्त सव्वा मिलीग्रॅम. म्हणजे हिशेबाने एका कुपीत ८० डोस. म्हणूनच अमेरिकेत एक डोस पन्नास डॉलरच्या आसपास पडू लागला. मात्र परवान्यात डोळ्याचा उल्लेख नव्हता. अशा वापराला 'ऑफ-लेबल' वापर म्हणतात. तो बेकायदा नसतो, पण त्याची जबाबदारी डॉक्टरवर येते.

मग दोघांची तुलना कोणी केली?

खरी अडचण इथे होती. औषधाची चाचणी सहसा ते विकणारी कंपनीच करते. अमेरिकेत दोन्ही औषधे एकाच कंपनीची. स्वस्त औषध महागाइतकेच चांगले ठरले, तर तोटा तिचाच. डोळ्यासाठी अ‍ॅव्हास्टिनला परवानगी मागण्यात तिला रस नव्हता. दुसरीकडे, वृद्धांच्या उपचाराचा भार उचलणाऱ्या अमेरिकी सरकारचे कोट्यवधी डॉलर पणाला लागले होते.

अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने, म्हणजे सरकारने, चाचणीचा खर्च उचलला. 'कॅट' नावाच्या या चाचणीचे नेतृत्व क्लीव्हलँड क्लिनिकचे डॉ. डॅनियल मार्टिन यांनी केले. सुमारे १२०० रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे चार गटांत विभागणी झाली. दोन गटांना दर महिन्याला इंजेक्शन, एकाला ल्युसेंटिसचे आणि दुसऱ्याला अ‍ॅव्हास्टिनचे. उरलेल्या दोन गटांची तपासणी दर महिन्याला, पण इंजेक्शन गरज दिसली तरच.

निकाल काय लागला?

२०११ मध्ये पहिल्या वर्षाचे निष्कर्ष जाहीर झाले. दरमहा ल्युसेंटिस घेणाऱ्यांना सरासरी साडेआठ अक्षरे जास्त वाचता आली, दरमहा अ‍ॅव्हास्टिन घेणाऱ्यांना आठ. नजरेच्या बाबतीत दोन्ही औषधे तुल्यबळ ठरली. वर्षभराच्या औषधाचा दर रुग्णामागे खर्च मात्र एका गटात २३,४०० डॉलर आणि दुसऱ्यात ५९५ डॉलर. ब्रिटनमधील 'आयव्हॅन' चाचणीतूनही नजरेबाबत साधारण तसेच चित्र पुढे आले.

एक बाब मात्र खटकणारी होती. पहिल्या वर्षात रुग्णालयात दाखल व्हावे लागण्यासारख्या गंभीर घटना अ‍ॅव्हास्टिन गटात २४ टक्के, तर ल्युसेंटिस गटात १९ टक्के होत्या. मृत्यू, हृदयविकार किंवा पक्षाघात यांत ठोस फरक नव्हता. जास्तीच्या घटना अशा आजारांच्या होत्या, की ज्यांचा या औषधाशी संबंध आधी कधी आढळला नव्हता. त्यामुळे दोष औषधाचा की योगायोगाचा, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बेव्हासिझुमॅबला डोळ्याच्या वापरासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

मधुमेहींसाठीही हेच उत्तर लागू आहे का?

इथे उत्तर थोडे वेगळे आहे, आणि मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या भारतासाठी ते महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधक जाळ्याने मधुमेहामुळे पीतबिंदूला सूज आलेल्या ६६० रुग्णांवर तीन औषधांची तुलना केली. त्यात अफ्लिबरसेप्ट हे आणखी एक महाग औषध होते. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नजर फारशी बिघडलेली नसेल, तर तिन्ही औषधांनी सारखाच फायदा झाला. पण उपचाराच्या सुरुवातीला नजर साधारण ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल, तर वर्षाअखेर अफ्लिबरसेप्टने सरासरी १९ अक्षरे मिळवून दिली, ल्युसेंटिसने १४ आणि अ‍ॅव्हास्टिनने १२.

मग कमी नजरेच्या प्रत्येक मधुमेहीने महाग औषधच घ्यावे का? याच संशोधकांनी २०२२ मध्ये पुढची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला पहिल्यापासून अफ्लिबरसेप्ट दिले. दुसऱ्या गटाला आधी अ‍ॅव्हास्टिन दिले आणि पुरेसा गुण येत नसेल तरच औषध बदलले. दुसऱ्या गटातील ७० टक्के डोळ्यांना पुढे औषध बदलावे लागले. पण दोन वर्षांनंतर दोन्ही गटांची नजर जवळपास सारखीच सुधारली होती, एकात १५ अक्षरे तर दुसऱ्यात १४. म्हणजे स्वस्तापासून सुरुवात केल्याने नजरेचे नुकसान झाले नाही. अट एकच. तपासणी वेळेवर व्हायला हवी आणि गरज दिसताच औषध बदलायला हवे.

इतके असूनही धोका कुठे आहे?

धोका औषधापेक्षा ते भरण्याच्या पद्धतीत जास्त आहे. एका मोठ्या कुपीतून अनेक छोट्या सिरिंज भरताना जंतू शिरले, तर एकाच वेळी अनेक डोळे धोक्यात येतात. २०११ मध्ये मायामी परिसरात अशाच दूषित सिरिंजमुळे १२ रुग्णांच्या डोळ्यात गंभीर संसर्ग झाला.

भारतातही जानेवारी २०१६ मध्ये गुजरातमध्ये इंजेक्शननंतर काही रुग्णांच्या डोळ्यांना त्रास झाल्यावर औषध महानियंत्रकांनी डोळ्यासाठी अ‍ॅव्हास्टिन वापरू नये, असा इशारा दिला. त्याचा परिणाम देशभर झाला. महाग औषध न परवडणाऱ्या रुग्णांचे उपचार अडले. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी चाचण्यांचे पुरावे पुढे केले आणि मार्चमध्ये हा इशारा मागे घेण्यात आला. स्वच्छ, निर्जंतुक वातावरणात आणि काटेकोर नोंदी ठेवून सिरिंज भरणे हाच यावरचा उपाय आहे.

युरोपात हे प्रकरण न्यायालयात का गेले?

अमेरिकेबाहेर ल्युसेंटिस नोव्हार्टिस विकते आणि अ‍ॅव्हास्टिन रोश. जेनेन्टेक रोशच्या मालकीची, तर नोव्हार्टिसकडे २०२१ पर्यंत रोशचे मतदानाचा हक्क असलेले सुमारे एक तृतीयांश समभाग होते. डोळ्यासाठी अ‍ॅव्हास्टिन असुरक्षित असल्याचे चित्र या दोन कंपन्यांनी संगनमताने उभे केले, असा ठपका ठेवून इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१४ मध्ये त्यांना मिळून १८ कोटी युरोंहून अधिक दंड केला. ब्रिटनमध्ये ईशान्य इंग्लंडमधील १२ सरकारी आरोग्य गटांनी रुग्णांना अ‍ॅव्हास्टिनचा पर्याय देण्याचे ठरवले. त्याविरुद्ध नोव्हार्टिस आणि बायर न्यायालयात गेल्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने आरोग्य गटांच्या बाजूने कौल दिला.

आता भारतात कोणते पर्याय आहेत?

रॅनिबिझुमॅबची जगातील पहिली 'बायोसिमिलर' आवृत्ती, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते जैविक औषध, अहमदाबादच्या इंटास कंपनीने २०१५ मध्ये भारतात आणली. त्यामुळे डोळ्यासाठीच परवाना असलेले औषध तुलनेने कमी किमतीत मिळू लागले. दुसऱ्या टोकाला जास्त काळ टिकणारी नवी औषधे आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या फॅरिसिमॅबमुळे अनेक रुग्णांना दोन इंजेक्शनांमध्ये तीन-चार महिन्यांचे अंतर ठेवता येते. खास डोळ्यासाठी तयार केलेल्या बेव्हासिझुमॅबला २०२४ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. मात्र परवाना आणि वेगळी कुपी आली की किंमतही वाढणार का, हा प्रश्न त्यामागोमाग आलाच.

रुग्णाने काय पाहावे?

दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेषा वाकड्या दिसू लागल्या, वाचताना मधली अक्षरे पुसल्यासारखी वाटू लागली, तर थांबू नये. एक डोळा झाकून दुसऱ्याने पाहण्याची सवय ठेवावी, कारण चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची उणीव झाकतो. मधुमेहींनी काही जाणवत नसले तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

इंजेक्शन ठरले तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. माझा आजार कोणता आणि सध्या नजर किती? त्यानुसार कोणते औषध आणि ते का? औषध एकाच रुग्णाच्या कुपीतून दिले जाणार की वाटून, आणि वाटून असेल तर ते कुठे भरले जाते? इंजेक्शननंतर संसर्ग होण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

महाग औषधाची दोन इंजेक्शने घेऊन पैशांअभावी तिसरे चुकवणे, हे स्वस्त औषध नियमित घेण्यापेक्षा डोळ्याला जास्त महागात पडू शकते. कोणते औषध वर्षभर नेमाने घेणे झेपेल, याचा हिशेब पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडायला हवा.