किरकोळ मारहाण : तक्रार करावी काय?

नळावरच्या भांडणात शेजाऱ्याने दोन थपडा लगावल्या. ‘एवढ्यासाठी पोलीसठाण्याची पायरी कशाला चढावयाची?’ असे घरची वडील मंडळी म्हणतात.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५ प्रमाणे साध्या दुखापतीस एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. परंतु गुन्हा अदखलपात्र. पोलीस नोंद घेतात, दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास करू शकत नाहीत. हाड मोडले किंवा घातक शस्त्र वापरले, तर मात्र गुन्हा दखलपात्र ठरतो.

तेव्हा नोंद करणे म्हणजे खटला भरणे नव्हे. प्रसंग एकदाच घडला आणि त्याने मनापासून क्षमा मागितली, तर विषय तेथेच मिटवावा. पुन्हा हात उगारला जाईल असे भय असेल, तर मात्र नोंद अवश्य करावी. पुढे तीच उपयोगी पडते. न्यायालयात दाद मागण्याची मुदत एक वर्षाची. गालावरची सूज मात्र दोन दिवसांत ओसरते. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी त्वरित करून घ्यावी, साक्षीदारांची नावे टिपून ठेवावीत. मार बसलेल्यास पुढे समेट करण्याची मुभा कायद्यानेच ठेविली आहे. नोंदीनंतरही क्षमा करता येते. पुसलेला पुरावा मात्र परत येत नाही.