बिनमोबदल्याचे परीक्षण कशासाठी?

कोरियाच्या अभ्यासातील नव्या पुस्तकांची परीक्षणे अभ्यासक बहुतेक विनामोबदला लिहितात. हाती येते ती फार तर पुस्तकाची प्रत. फुकटच्या कामाला कस कुठला, अशी शंका येणे साहजिक आहे. पण चार्ल्स आर्मस्ट्राँग यांच्या उत्तर कोरियाविषयीच्या पुस्तकाचे प्रकरण पाहा. २०१४ मध्ये त्याला अमेरिकेतील मानाचे फेअरबँक पारितोषिक मिळाले. पुढे हंगेरियन इतिहासकार बालाझ सालोन्ताई यांनी त्यातील तळटीपा एकेक करून ताडून पाहिल्या. स्वतः हंगेरीच्या दप्तरातून शोधून २००५ च्या पुस्तकात मांडलेली माहिती त्यांना इथे भलत्याच, सोव्हिएत कागदपत्रांच्या नावावर सापडली. २०१७ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी पारितोषिक परत केले. २०१९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने वाङ्मयचौर्य झाल्याचे ठरवले.

यावर कोणी म्हणेल, सालोन्ताई तर स्वतःच दुखावलेले होते. खरे आहे; पण त्यांनी दाखवलेल्या, दोन्ही पुस्तकांतील उताऱ्यांच्या जोड्या कोणालाही तपासता येत होत्या, आणि वजन त्यालाच. आधीच्या परीक्षकांच्या नजरेतून हे निसटले, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोरियन, रशियन, हंगेरियन अशा सगळ्या भाषा एकाच माणसाला क्वचितच येतात. म्हणूनच एका पुस्तकाला अनेक परीक्षक हवेत, आणि आपण कोणती साधने मुळातून वाचली हे प्रत्येकाने सांगायला हवे. कळमेश्वरच्या वाचनालयात बसलेला वाचक ती दप्तरे उघडू शकत नाही. त्याची सारी भिस्त या परीक्षकांवरच आहे.