जुना देऊ का नवा?

नाशिकचा प्लॅन निघाला की ऑफिसच्या ग्रुपवर पहिला रिप्लाय येतो, सुला! दुसरा येतो, मिसळ! तिसरा, ‘सोमवारी सुट्टी टाकायची का?’ अशा वेळी कुणी ‘म्युझियम’ असा शब्द टाइप केला तर पुढची पाच मिनिटं नुसत्या स्मायलीज. आमच्या ग्रुपवरही तेच झालं. शब्द टाइप करणारी मी, त्यामुळे गाडी ठरवणं, माणसं गोळा करणं आणि शिव्या खाणं ही तिन्ही खाती माझ्याकडेच आली.

पण निघालो एकदाचे. आश्विनातला शनिवार, पाऊस नुकताच आवरलेला. दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. छाटलेल्या वेलींवर पान नाही, नुसत्या काड्या आणि तारा. आमच्यातल्या एकाला वाटलं, बाग जळाली! (आणि याला म्हणे वाइनमधलं कळतं.)

वणी हे गाव दिंडोरी तालुक्यात, नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर. देवीचा गड त्याच्याही पुढे, कळवण तालुक्यात. नांदुरीहून घाट चढायचा. पण ‘सप्तशृंगगडला चाललोय’ असं सहसा कुणी म्हणत नाही, सगळे ‘वणीला’ चाललेले असतात. गावात वणीची स्वतःची जगदंबाही आहे. साडेतीन पीठांतलं ते अर्धं पीठ डोंगरावर आणि त्याचं नाव पायथ्याच्या पल्याडच्या गावाला, असा सगळा मामला.

नांदुरीत चहाला थांबलो. शेजारी देवीच्या फोटोंचं दुकान. आईसाठी एक फ्रेम घ्यावी म्हणून विचारलं, तर दुकानदार काकांनी उलट विचारलं, ‘‘जुना देऊ का नवा?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘शेंदराच्या आतला का बाहेरचा, ताई?’’

त्यांनी दोन्ही फ्रेम काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा, शेंदरी, भरलेला, मोठ्ठ्या डोळ्यांचा. ट्रकच्या काचेवर, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे, आजीच्या देव्हाऱ्यात आपण पाहिलेला. आणि दुसरा? तीच देवी, पण दगडाची. नाक-डोळे रेखीव, कोरलेले. क्षणभर अनोळखीच वाटली.

‘‘जास्त कुठला खपतो?’’ मी विचारलं.

‘‘म्हातारी माणसं जुना मागतात, पोरं नवा. जे घरी विचारून आलेले नसतात ते दोन्ही नेतात.’’

मीही दोन्ही घेतले.

पंचेचाळीस दिवस दार बंद

भानगड अशी आहे. २१ जुलै २०२२ ला गडावरचं मंदिर दर्शनासाठी बंद झालं, पंचेचाळीस दिवसांसाठी. कारण, मूर्तीचं संवर्धन. डोंगराच्या कड्यात कोरलेली ही अठरा हातांची मूर्ती, आणि तिच्यावर पिढ्यान् पिढ्या चढत गेलेला शेंदूर. शेंदूर तेलातुपात कालवून लावतात. आज एक हात, उद्या एक हात, असं करत त्याचं जाड कवचच होतं. आत दगडाची काय अवस्था आहे ते दिसत नाही, वजन वाढत जातं, तडे जातात. कवच सुटायला आलं तर हात लावायचा कुणी आणि कुठून? म्हणून तज्ज्ञ बोलावले आणि थरावर थर उतरवले. टनभराहून जास्त शेंदूर निघाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. भक्तांसाठी खाली पर्यायी दर्शनाची सोय केली होती.

आणि मग २६ सप्टेंबर २०२२ ला, घटस्थापनेच्या दिवशी, दार उघडलं. आपल्या हयातीत कुणी न पाहिलेलं रूप समोर!

म्युझियमवाले याला कॉन्झर्व्हेशन म्हणतात. एरवी हे काम मागच्या खोलीत चालतं. पांढरे हातमोजे, भिंग, कापसाचे बोळे आणि दारावर ‘प्रवेश बंद’ची पाटी. पाहणारे पाच-सात जण. इथे तेच काम लाखो माणसांच्या कुलदेवतेवर झालं आणि ओपनिंग झालं ते वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवसांत. असं ओपनिंग कुठल्या म्युझियमच्या नशिबी येतं, सांगा बरं!

पण माझ्या मनात त्या दिवशी राहिली ती आजी. ज्या चेहऱ्यासमोर तिनं आयुष्यभर हात जोडले, तो अस्सल नव्हताच असं तिला कसं सांगणार? आणि मुळात ते खरं तरी आहे का? शेंदूर हाही इतिहासच की. एकेक थर कुणीतरी नवस फेडताना, कुणीतरी पोर वाचलं म्हणून दिलेला. मूर्ती वाचवायची तर तो उतरवणं भाग होतं, हे मला पटतं. तरी त्या जुन्या फोटोवर काट मारायला हात होत नाही.

समोरच्या डोंगराचं गुपित

२०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पाचशेच्या आसपास पायऱ्या हा आता बहाणा चालत नाही. दर्शन झालं की गडावरून समोर बघा. दिसतो तो मार्कंड्या. मार्कंडेय ऋषी तिथे बसून देवीला पुराण ऐकवायचे आणि देवी मान कलती करून ऐकते, म्हणून मूर्तीची मान किंचित झुकलेली. ही गोष्ट गडावरचा कुणीही सांगेल.

दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. वणीला एक ताम्रपट सापडला होता. राष्ट्रकूट राजा गोविंद तिसरा याचा, इसवी सन ८०७-०८ च्या सुमाराचा. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे त्या पहिल्या कृष्णाचा हा नातू. नाशिक देशातलं अंबकग्राम नावाचं गाव दान दिल्याची ही सनद. थोडक्यात, बाराशे वर्षांपूर्वीचा सात-बारा! आणि ती दिली कुठून? तर मयूरखंडीहून. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरने ही मयूरखंडी म्हणजेच वणीजवळचा मार्कंड्या, असं मानलंय. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, मयूरखंडी दुसरीकडे शोधणारेही आहेत. पण ताम्रपट वणीचा, याबद्दल वाद नाही. सगळं अभ्यासविश्व त्याला ‘वणी ताम्रपट’ म्हणूनच ओळखतं.

आणि वणीत? वणीत तो नाही. १९ व्या शतकात ब्रिटिश अभ्यासकांनी त्याचं वाचन छापलं आणि तेव्हापासून तो पुस्तकात आहे. वणीच्या शाळेतल्या मुलाला राष्ट्रकूट म्हणजे वेरूळची सहल. आपल्या गावाच्या नावाची तांब्याची सनद इतिहासाच्या पुस्तकांत मानाने मिरवतेय, हे त्याला कुणी सांगायचं? गावात संग्रहालय नाही. गावाबाहेर द्राक्षाच्या निर्यातीची कोल्ड स्टोरेज उभी राहतात, एक बारीकशी काचपेटी उभी राहत नाही.

नहपानाचं नाक

दुसरा दिवस आम्ही नाशिकसाठी ठेवला होता. आधी सराफ बाजारातला सरकारवाडा. पेशवाईतला हा वाडा. राज्य पुरातत्त्व विभागाचं नाशिकचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय म्हणजे हेच. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढत गेलं की हा सगळा बाजार धास्तावतो. अशा जागी लाकडी खांबांचा वाडा उभा आहे, हेच मला पहिलं एक्झिबिट वाटलं.

मग अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर, नाशिकपासून विसेक किलोमीटर. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी १९८० मध्ये उभी केलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय. ग्रुपमधल्या कुरकुऱ्यांचा आवाज इथे पहिल्यांदा बंद झाला. त्याचं कारण जोगलटेंभीची गोष्ट.

१९०६ साली गोदाकाठच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नाही, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच शिक्का! गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याची नाणी वितळवत बसला नाही, त्याच्याच चेहऱ्यावर आपला छाप हाणला. तीन कमानींचा डोंगर एका बाजूला, उज्जैन चिन्ह दुसऱ्या बाजूला. घाईत ठोकलेला शिक्का थोडा सरकला की खालून नहपानाचं नाक डोकावतं. कंपनी टेकओव्हर झाली की जुन्या लेटरहेडवर नवा रबरी शिक्का मारतात ना, अगदी तस्सं. लेखी पुरावाही गावातच आहे, पांडवलेणीच्या तीन नंबरच्या लेण्यात. गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या लेकाने क्षहरातांचा वंश संपवल्याचं तिथे कोरून ठेवलंय.

‘‘म्हणजे देवीचा थर उतरवला आणि याने चढवला,’’ आमचा वाइनवाला म्हणाला. मी त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला जायला मात्र घाई झाली. नौदलातून आलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये उघडलेलं खनिजांचं म्युझियम. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत असे हिरवे, गुलाबी, बर्फासारखे पांढरे स्फटिक वाढतात, यावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. अर्धा तास अजिबात पुरत नाही.

वाघनखं येतात, मग ताम्रपट का नाही?

परतताना गाडीत यावर घमासान झालं. म्हणे, गावोगावी म्युझियमं काढून बघणार कोण? प्रश्न रास्त आहे. पण साताऱ्याचं उदाहरण घ्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली आणि जुलै २०२४ मध्ये आधी कुठे गेली? मुंबईला नाही, साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात. पुढे २०२५ मध्ये नागपूरला. ती नेमकी तीच का, यावर भरपूर वाद झाला, खुद्द त्या म्युझियमनेही छातीठोकपणे तसं सांगितलेलं नाही. तरी एका वस्तूभोवती एका जिल्ह्याच्या संग्रहालयाचा सीझन उभा राहू शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने तर २०१५ पासून एसी बसमध्येच म्युझियम मांडून ती शाळांच्या, गावांच्या दारात नेलीय.

वणीला तर गर्दी जमवायचाही प्रश्न नाही! आश्विनात माणसं आपणहून येतात. नवरात्रात मालेगाव, धुळे, जळगावहून पायी येतात. नवमीच्या मध्यरात्री दरेगावच्या गवळी घराण्याचा मानकरी सुळक्याच्या टोकावर ध्वज लावतो, ते बघायला लोक अंधारात माना वर करून उभे असतात. कोजागरीला कावडीवाले नद्यांचं पाणी घेऊन येतात, राज्यभरातले तृतीयपंथी देवीपुढे जमतात, त्यांची मिरवणूक निघते. मग १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, म्हणजे सरकारी खात्यांचाही प्रदर्शनांचा हंगाम. एवढी माणसं दोन महिने एका गावावरून जातात. त्यांच्या वाटेवर एक बस उभी करा. आत ताम्रपट, तो नाही मिळाला तर त्याची हुबेहूब प्रतिकृती, शेजारी मराठीत साधा सोपा अर्थ. गौतमीपुत्राचा छाप असलेलं एक नाणं आणि वर भिंग. आणि देवीचे ते दोन फोटो, शेजारी शेजारी, मध्ये पंचेचाळीस दिवसांत काय केलं त्याची गोष्ट. आजीला कुणीतरी नीट बसवून सांगितलं पाहिजे ना!

बजेट कोण देणार, असं आमच्यातल्या फायनान्सवाल्याने विचारलं. त्याला म्हटलं, गाडीचे पैसे आधी दे.

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीने जायचं, तेव्हा हातात वेळ ठेवा. सरकारवाडा आणि अंजनेरी दोन्हीकडे निघण्याआधी उघडण्याच्या वेळा विचारून घ्या, विशेषतः सोमवार धरून बेत असेल तर. ताक, पाणी आणि सुट्टे पैसे जवळ असू द्यात. आणि फोटोवाल्या काकांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. माझ्या आईने दोन्ही फ्रेम बराच वेळ न्याहाळल्या, जुनी देव्हाऱ्यात ठेवली आणि नवी हॉलमध्ये टांगली. म्हणाली, ‘‘हिची ओळख व्हायला वेळ लागेल. येता-जाता दिसू दे.’’