लग्नाच्या फोटोतला वाडा

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्याकडे माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि त्या दिवशीची साफसफाई तिथेच संपते. कारण ट्रंकेत मावशीच्या लग्नाचा आल्बम आहे. एकदा तो उघडला, की केरसुणी एकीकडे आणि मंडळी दुसरीकडे!

हे लग्न १९५८ सालचे, कल्याणच्या जुन्या वस्तीतल्या आजोबांच्या वाड्यात लागलेले. वाडा काही सरदाराचा नव्हे. पण दिंडी दरवाजा, चौक, चारी बाजूंना ओसरी, मधोमध तुळशीवृंदावन आणि वर माडी, असा ऐसपैस. फोटोग्राफर लोकलने आला होता. पोटाशी धरून वरून डोकवायचा कॅमेरा, एका रोळात बारा फोटो. आजोबांनी रोळ दिले होते दोन. म्हणजे चोवीस फोटोंत सीमांतपूजन ते पाठवणी सारे बसवायचे! आज एका मेंदीच्या कार्यक्रमात याच्या दसपट फोटो निघतात.

वाड्यातल्या लग्नाचे फोटो काढणे सोपे नाही. चौकात आभाळाचा उजेड धो धो पडतो आणि चार पावलांवरच्या ओसरीत भर दुपारी अंधार. चौक नीट यावा म्हटले तर ओसरीतल्या विहीणबाई काळ्याठिक्कर. विहीणबाईंना उजळावे तर चौक पांढराफटक. बरोबर बाराला ऊन डोक्यावर आले, की मुंडावळ्यांखाली डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. जाणता फोटोग्राफर नवरीला ओसरीच्या काठाशी, चौकाकडे तोंड करून बसवतो. समोरच्या चुन्याच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि पाठीमागचा कोरीव खांबही शाबूत राहतो. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर हे साधते. पण मुहूर्त कॅमेऱ्याला विचारून थोडाच धरतात! मावशीचा तर गोरज मुहूर्त. त्या काळच्या फ्लॅशचा दिवा एकदाच पेटायचा; पुढच्या फोटोसाठी तो चटके सोशीत काढून नवा बसवायचा.

आणि व्हायचे तेच झाले. मंगलाष्टके संपत आली, भटजींनी शेवटचे ‘सावधान’ म्हटले, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि नेमका तेव्हाच बारावा फोटो होऊन रोळ संपलेला! फोटोग्राफर खांबाआड पाठमोरा, नवा रोळ भरण्यात गुंग. आजोबा पुढे वर्षभर त्याच्या नावाने बोटे मोडीत होते.

पण आज मला त्या गृहस्थाचा राग येत नाही. वाडा पाडला, तिथे इमारत उभी राहिली, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आले, की वाड्याचा असा एकही फोटो कुणी कधी काढलेला नाही. घराचा कसला फोटो काढायचा? घर आहेच की! उरला आहे तो माणसांच्या पाठीमागे चुकून आलेला वाडा. जोत्यावर बसलेल्या वऱ्हाडामागे दिंडी दरवाजाची चौकट. रुखवतामागे दिव्याचा कोनाडा. तुळशीवृंदावन मात्र अर्धेच आले आहे. उरलेल्या अर्ध्यासमोर थोरले काका उभे आहेत.

असे मोठमोठ्या वास्तूंचेही झाले आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि फोटो काढण्याची विद्या पॅरिसमध्ये जगजाहीर झाली १८३९ साली. अवघ्या अकरा वर्षांनी चुकामूक झाली! आतल्या महालांचा एकही फोटो नाही तो त्यामुळेच. कल्याणला ती सबब नाही. १८५४ च्या मे महिन्यात आगगाडी कल्याणला पोचली आणि त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. पुढची शंभर वर्षे कॅमेरा आमच्यापासून आगगाडीच्या अंतरावर होता. पेशवाईतले सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या सुभेदार वाड्याचे नाव तिथल्या शाळेमुळे आणि गणेशोत्सवामुळे तरी कल्याणकरांच्या तोंडी राहिले. साध्यासुध्या वाड्यांची नावेही मागे राहिली नाहीत.

मौज अशी, की आता लग्न ठरले की जुन्या भिंतींची फार ओढ लागते. ठाण्या-डोंबिवलीची जोडपी लग्नाआधीच्या फोटोंसाठी पहाटे उठून वसईचा किल्ला गाठतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या त्या किल्ल्यात आता शालू-शेरवानी मिरवते. तो संरक्षित आहे. परवानगीवाचून तिथे समारंभ करता येत नाही, हे मात्र विसरू नये. ज्यांना लग्नच जुन्या वास्तूत लावायचे असते, ते सासवडजवळच्या जाधवगडापर्यंत जातात. पिलाजी जाधवरावांची ती गढी आज हॉटेल झाली आहे. हौसेला मोल नाही, हे खरे. पण आपला वाडा पाडायचा आणि दुसऱ्याच्या भिंतीपुढे भाडे भरून उभे राहायचे, याला काय म्हणावे?

तेव्हा ज्यांच्या नात्यात एखादा वाडा अजून उभा आहे, त्यांनी घरच्या कार्यात फोटोग्राफरला तासभर आधी बोलवावे. वऱ्हाड यायच्या आत दिंडी दरवाजा, माडीवरून दिसणारा चौक, जिना, स्वयंपाकघर आणि देवघर एवढे टिपून घ्यावे. मग खुशाल नवरानवरीकडे वळावे. आणि निवडक फोटो कागदावर छापून, मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहावे. हे काम घरातली वडील माणसे आहेत तोवरच करायचे.

गेल्या दिवाळीत मी मावशीला आल्बम आणि पेन्सिल दिली. थरथरत्या हाताने तिने चोवीसही फोटोंमागे नावे लिहिली. वऱ्हाडाच्या फोटोशी थांबली, चष्मा पुसला. कोण कुठे बसले आहे ते सगळे लिहून झाल्यावर खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘मागे दिसते ते आमचे घर.’