लहान मुलांसह क्रूझला जाताय? आधी केबिनची जागा पाहा

द्राक्षांचा हंगाम उरकल्यावर पिंपळगाव बसवंतहून मुंबई-गोवा क्रूझचा बेत असेल, तर भाड्याआधी केबिनची जागा पाहा.

गाडी लागणाऱ्या मुलांना बोटही लागू शकते. एसटीत मागच्या सीटवर जास्त हादरे बसतात, तशी जहाजाची टोके लाटांवर जास्त हलतात. त्यामुळे खालच्या डेकवरची मधली केबिन बरी.

बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त, पण आत मिट्ट काळोख असतो. छोटा दिवा न्या. 'ओशन व्ह्यू' केबिनमध्ये उजेड मिळतो आणि खिडकी सहसा उघडत नाही. बाल्कनी घेतलीच, तर खुर्ची कठड्यापासून दूर ठेवा.

चौघांच्या केबिनमध्ये दोन बेड बहुधा वर, भिंतीतून उघडणारे असतात. लहानग्यांना तिथे झोपवू नका. म्हणून बुकिंगवेळीच विचारा : खाली बेड किती?