असं का? | वेशीपलीकडे वेगळं राज्य

मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेल्या पिंपळगाव रेणुकाईपासून बुलढाणा जिल्ह्याची हद्द जवळच. भाषा एक, मातीही काळीच. तरी १९४८ पर्यंत हे गाव हैदराबादच्या निजामाकडे, आणि पलीकडचं वऱ्हाड मात्र त्याआधीच इंग्रजांच्या कारभारात गेलेलं. कारण होतं फौजेचा खर्च.

समजा, राखणीला जागल्या ठेवला. पगार थकला की तो म्हणतो, "पैसे नकोत, एक वावर द्या. पीक मी काढीन, पगार वळता करून घेईन."

तसंच झालं. १८०० च्या तहात निजामाने ईस्ट इंडिया कंपनीच्या तैनाती फौजेसाठी मुलूख कायमचा तोडून दिला. त्यावर आणखी 'हैदराबाद कंटिन्जंट' ही फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. जालन्यातही छावणी होती. पैसे थकत गेले, कंपनी ते कर्ज म्हणून मांडत गेली. १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब खर्चापोटी लावून घेतले. १८६० मध्ये बाकीचे परतले, कपाशीचं वऱ्हाड नाही.

मला सर्वांत खुपतं ते हे, की किती शिपाई हवेत यावर पैसे देणाऱ्याचा ताबाच नव्हता.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या खंडाने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर.