वृद्धाश्रमाची खरी परीक्षा रात्री

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधणारी मंडळी बहुधा रविवारी सकाळी चौकशीला जातात. बाग, देऊळ, स्वयंपाकघर, खोलीतला टीव्ही, गरम पाण्याची सोय पाहतात, महिन्याचे शुल्क आणि अनामत रक्कम विचारतात आणि निर्णय घेतात. यात गैर काही नाही. पण या सोयी हिंडत्या-फिरत्या माणसाच्या उपयोगाच्या असतात. आज काठी टेकत आश्रमात आलेल्या आजोबांना उद्या पक्षाघात होऊ शकतो, खुब्याचे हाड मोडू शकते, विसरण्याचा आजार बळावू शकतो. त्यामुळे वृद्धाश्रमाचा दर्जा ठरवायचा, तर तिथल्या सर्वांत अशक्त माणसाची काळजी कशी घेतली जाते हे पाहावे लागते.

पाठ, खुबा आणि टाच

एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाची त्वचा हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच इजा सुरू होते. माकडहाडाचा भाग, खुबा आणि टाच ही याची नेहमीची ठिकाणे. लघवीने ओली राहिलेली त्वचा आणखी लवकर फाटते.

सुरुवातीला तिथे फक्त लाली दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर ती क्षणभर फिकी पडली नाही, तर बेडसोअरची पहिली पायरी आली असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही. तिथे त्वचा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागते. या टप्प्यावर त्या जागेवरचा दाब काढला तर त्वचा बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर जखम हाडापर्यंत जाते, भरायला महिने लागतात आणि तिथला जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीवावर बेततो.

यावरचा उपाय महागडा नाही. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची, पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून अधांतरी ठेवायची आणि आहारात पुरेशी प्रथिने द्यायची. हवेच्या गादीने मदत होते, पण तिच्यामुळे कूस बदलण्याचे काम टळत नाही. लाल झालेली जागा जोराने चोळणे किंवा खाली रबरी रिंग ठेवणे हे अजूनही सर्रास चालते. त्याने इजा वाढते.

आता थोडा हिशेब करू. दहा माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत. एकाला नीट वळवून कपडे, चादर आणि डायपर पाहायला दोघांची सात-आठ मिनिटे जातात. म्हणजे एका फेरीला सव्वा तास, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत अशा किमान चार फेऱ्या. रात्रपाळीला एकच मावशी असेल, तर तिने कितीही जीव तोडून काम केले तरी हे शक्य नाही. तिच्या मागे रागाने लागून काही साधत नाही. म्हणून चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो रात्री किती माणसे कामावर असतात, हा.

पाणी आणि झोपेची गोळी

माणसे कमी पडली की त्याचा परिणाम पाण्यावरही होतो. म्हातारपणी तहान मंदावते. त्यात ‘रात्री कोणाला उठवायचे’ या संकोचाने अनेक जण संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात. मग बद्धकोष्ठ होते, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते. चांगल्या आश्रमात पाणी मागण्याची वाट पाहत नाहीत. चहा, ताक, पेज, सरबत ठरावीक वेळेला हातात देतात आणि स्वच्छतागृहाकडेही ठरावीक वेळेला नेतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठेवावे.

कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, रात्रभर ओरडू लागल्या किंवा उलट गुंगीत राहू लागल्या, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. याला डेलिरियम म्हणतात. त्यामागे न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, सोडियम किंवा साखर उतरणे, तुंबलेली लघवी, नव्याने सुरू केलेले औषध अशी कारणे असू शकतात आणि त्यांतली बरीच बरी होणारी असतात. अशा वेळी कारण न शोधता झोपेची गोळी दिली, तर खोलीत शांतता होते, पण आजार आत वाढत राहतो. गुंगीत उठताना तोल जातो आणि खुबा मोडतो. गुंगीत भरवलेला घास श्वासनलिकेत जातो. पडू नये म्हणून हात-पाय पलंगाला बांधण्यानेही पडण्यापासून खात्रीचे संरक्षण मिळत नाही. सुटण्याच्या धडपडीत इजा होते आणि बेडसोअरचा धोका वाढतो.

मधुमेहींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. इन्सुलिन दिले आणि जेवण राहून गेले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. आजोबा जेवले नाहीत हे स्वयंपाकघराला माहीत असते, इन्सुलिन देणाऱ्याला नसते. या दोघांची गाठ कुठे पडते, हे विचारून घ्यावे.

कायदा काय म्हणतो

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा 2007 मध्ये झाला. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद त्यात आहे. वृद्धाश्रमातील सेवांचा दर्जा ठरवणारी योजना करण्याचा अधिकार राज्यांना आहे. सर्वच वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान निकष आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण मंजूर झाले नाही. त्यामुळे पाहणीची मोठी जबाबदारी आजही कुटुंबावरच पडते. तक्रार असेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते.

काय पाहावे, काय विचारावे

आश्रम पाहायला जेवणाच्या वेळी जावे. भरवताना माणसाला ताठ बसवतात का आणि त्यानंतर अर्धा तास बसते ठेवतात का, हे पाहावे. वजनाची वही मागावी. महिन्याभरात वजन पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो, उतरले असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे. पडण्याच्या घटनांची नोंद विचारावी. ‘आमच्याकडे कोणी पडतच नाही’ या उत्तरापेक्षा ‘गेल्या महिन्यात दोघे पडले, म्हणून न्हाणीघरात दांडे बसवले’ हे उत्तर अधिक भरवशाचे. कवळी, चष्मा, कानाचे यंत्र ज्याचे त्याच्याजवळ आहे का, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने नेतात, हेही विचारावे.

प्रवेश झाला की काम संपत नाही. ज्याला भेटायला कोणी येते, त्याच्यातला बदल लवकर लक्षात येतो. भेटीला जाताना फळे जरूर न्यावीत. निघण्यापूर्वी मात्र पायावरचे पांघरूण बाजूला करून टाचा पाहाव्यात, आणि पाठ शेवटची कोणी व केव्हा पाहिली हे मावशींना आपुलकीने विचारावे.